वीणा एकच राहू द्या : आमच्या गावच्या सप्ताह समितीला खुलं पत्र

प्रति,
अखंड हरिनाम सप्ताह समितीतली वडीलधारी मंडळी, भजनी मंडळ, आणि पुण्या-चाकणहून दरवर्षी वर्गणी पाठवणारी आमची पोरं,

रामकृष्ण हरी.

गेल्या आठवड्यात मारुतीच्या पारावर बैठक झाली. तिला बायकांना बोलावणं नव्हतं. काय ठरलं ते मला दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत लेकरं सोडायला आलेल्या आयांकडून कळलं. आरक्षणावरून गावात मराठा आणि ओबीसी असे दोन तट पडलेत, म्हणून यंदा तुकाराम बीजेचा सप्ताह दोन ठिकाणी बसणार, एक मारुतीच्या देवळापुढं आणि एक शाळेच्या मैदानावर. मांडव दोन, पावतीपुस्तकं दोन, कीर्तनकारांच्या याद्या दोन, काल्याच्या पंगती दोन. वीणाही दोन. जुनी देवळातच राहणार आणि दुसऱ्या मांडवासाठी पंढरपुराहून नवी आणायची, तिचे पैसेसुद्धा गोळा झालेत म्हणे.

हे पत्र मी समितीच्या हातात दिलं असतं. पण आता समित्याच दोन आहेत, देऊ कुणाच्या हातात? गावाचा व्हॉट्सॲप ग्रुपही फुटला, आणि मी दोन्हींत आहे, कारण अंगणवाडीताई दोन्हीकडे लागते. म्हणून उघड लिहिते. आपल्यासारखी गावं सिनाकाठी, बीडकडं, जालन्याकडं पुष्कळ आहेत, त्यांनीही वाचलं तर बरंच. गावाचं नाव लिहीत नाही, कुणा माणसाचंही नाही. मी कोणत्या समाजाची ते तुम्हाला ठाऊक आहे. बाहेरच्या वाचणाऱ्याला ते कळून काही उपयोग नाही.

आधी त्या रात्रीचं बोलते.

२२ सप्टेंबर २०२५ ला घटस्थापना होती. मी वस्तीवरच्या घरात घट बसवला, माती पसरली, धान्य पेरलं, पहिली माळ बांधली. पाऊस थांबत नव्हता. आपली सिना कशी आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. मार्च लागला की पोरं तिच्या पात्रात क्रिकेट खेळतात आणि बाया वाळूत झिरे खणून हंडे भरतात. त्या रात्री ती नदी उसाच्या शेंड्यांवरून चालली होती. परंडा तालुक्यात काही गावांतली माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली. आपल्याकडं हेलिकॉप्टर आलं नाही. आपल्याकडं ट्रॅक्टरच्या ट्यूबा आणि चऱ्हाट घेऊन आपलीच पोरं आली.

मी आणि सासूबाई पत्र्यावर होतो. अंधारात कोण आहे ते दिसत नव्हतं. डोक्याला टॉवेल गुंडाळलेले, तोंडात बॅटरी धरलेले तिघं-चौघं होते. एकानं सासूबाईंना पाठीवर घेतलं. त्या ब्याऐंशीच्या, अंगानं जड, आणि भीतीनं त्यांनी त्याचा गळा असा आवळून धरला होता की तो मध्येच दोनदा खोकला. त्यानं त्यांना 'आजी, विठ्ठल म्हणा, विठ्ठल' असं म्हणत म्हणत पाण्यातून नेलं. मला तेवढाच आवाज आठवतो.

तो कोण, हे तिसऱ्या दिवशी शाळेत कळलं. कळल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं, ते लिहायला हात जड होतो, पण लिहिल्याशिवाय पुढं बोलायचा मला हक्क नाही. मनात आलं, 'अगं बाई, हा होय? त्यांच्यातला?'

देवानं जीव वाचवला म्हणून मी तीन दिवस हात जोडत होते. आणि ज्याच्या पाठीवर बसून तो देव आला, त्याचा समाज कळल्याबरोबर माझे हात क्षणभर सैल पडले. चोवीस वर्षं मी गळ्यात माळ घालते. तिचा त्या क्षणी काहीच उपयोग झाला नाही.

शाळेच्या खोल्यांत पहिल्या रात्री सव्वाशे माणसं होती. खायला काय, तर काही नाही. तेव्हा आपल्या किराणा दुकानदार भाऊंनी गुडघाभर पाण्यातून येऊन दुकान उघडलं. तांदळाची पोती, तूरडाळ, तेलाचे डबे, मीठ, काडेपेट्या, मेणबत्त्या, सगळं पोरांनी डोक्यावरून शाळेत आणलं. खिचडी शिजली. त्या खिचडीचं पहिलं ताट माझ्या हातात आलं तेव्हा मला घास गिळवेना. लोकसभेचा निकाल लागला, त्या २०२४ च्या जूनपासून मी त्या दुकानाची पायरी चढले नव्हते. कुणी शपथ घातली नव्हती. पण गावात वारं फिरलं होतं की आपण आपल्यांकडूनच घ्यायचं, आणि मी त्या वाऱ्याबरोबर गेले. तेल-साखर परंड्याच्या बाजारातून पिशवीत आणत होते, एसटीचं तिकीट काढून. भाऊ ओट्यावर बसलेले असायचे, मी पिशवी घेऊन समोरून जायची, आणि दोघंही दुसरीकडं बघायचो.

पाणी ओसरल्यावर पैसे द्यायला गेले. त्यांनी वही उघडून माझ्यापुढं धरली. पानावर वरती तारीख लिहिली होती आणि खाली सगळं पान कोरं होतं.

मी तसंच परत आले. ते कोरं पान पाच महिने झाले माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

आता सप्ताहाकडं येते, कारण ते पान आणि सप्ताह या माझ्या दृष्टीनं दोन गोष्टी नाहीत.

आपल्या बोलीत 'धन्यवाद' कुणी म्हणत नाही. आभार मानतात ते स्टेजवर, शेवटी, माइकवर. घरात आपण म्हणतो 'उपकार झाले', 'तुमच्यामुळं निभावलं', 'हे पांग कधी फेडू'. या सगळ्या बोलण्यात एक देणं आहे. तोंडानं म्हटलं आणि मोकळं झालं, असं त्यात होत नाही, मनात उतराई होण्याची रुखरुख राहते. आपले सणही तसेच आहेत. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणीला बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप लावून आपण त्याला सांगतो, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.' वर्षभर ज्या खांद्यावर जू ठेवलं त्याच खांद्याला हात लावायचा, शिंगाला किंवा शेपटीला नाही. माझं माहेर औशाकडचं. तिकडं मार्गशीर्षातल्या अमावास्येला येळवस करतात. शेतात कडब्याची कोप करून पांडवांची पूजा मांडतात, भज्जी आणि आंबिल करतात. आणि त्या दिवशी शेतावरून जाणाऱ्या कोणालाही न जेवता पुढं जाऊ द्यायचं नसतं. माझे वडील बांधावर उभे राहून रस्त्यावरच्या माणसाला हाका मारायचे. तो कुठला, कोण, हे जेवण झाल्यावर विचारायचे, कधी विचारायचेही नाहीत. काळ्या आईनं दिलं त्याची उतराई व्हायची ती अशी, दुसऱ्याच्या ताटात वाढून.

पुरानं माझं दोन एकर रान खरडून नेलं. खाली नुसते गोटे राहिलेत. तरी यंदा येळवशीला मी माहेरसारखी आंबिल केली आणि त्या गोट्यांवर पूजा मांडली. वेड लागलं का, असं जाऊबाईंनी विचारलं. मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. आता देऊ शकते. त्या रानानं मला एकोणतीस वर्षं खाऊ घातलंय. एका वर्षी ते वाहून गेलं म्हणून एकोणतीस वर्षांचं देणं फिटत नाही.

पण इथं मला एक गोष्ट स्पष्ट करायची आहे, कारण या विषयावर आजकाल फार गोड बोललं जातं. पुरानंतर आपल्या भागात एका कीर्तनात मी ऐकलं की तुकोबांनी दुष्काळाचेसुद्धा उपकार मानले, तेव्हा तुम्हीही माना आणि समाधानी राहा. 'बरें जालें देवा निघालें दिवाळें, बरी या दुष्काळें पीडा केली' हा अभंग लावला होता. समोर ज्यांची सोयाबीन कुजली, ज्यांची जनावरं दावणीला बांधलेल्या जागीच बुडाली अशी माणसं बसली होती. माझ्या शेजारची बाई उठून गेली. तिची दुभती म्हैस गेली होती.

मी त्या अभंगावर खूप दिवस विचार केला. तुकोबांचं दुष्काळात सगळं गेलं होतं. पैसा गेला, मान गेला, बायको 'अन्न अन्न' करत गेली, हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. त्यानंतरचं त्यांचं 'बरें जालें' आहे. आणि ते त्यांनी स्वतःच्या दिवाळ्याला म्हटलं. शेजाऱ्याच्या दारात जाऊन 'तुझा दुष्काळ बरा झाला' असं त्यांनी कुणाला म्हटलेलं नाही. शेजाऱ्यासाठी त्यांनी काय केलं, ते देहूची गोष्ट माहीत असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. घरात लोकांच्या कर्जाची खतं होती, त्यातली आपल्या वाट्याची त्यांनी इंद्रायणीत बुडवली. स्वतःवर आलेल्या संकटाचं त्यांनी बरं मानलं आणि दुसऱ्याच्या डोक्यावरचं ओझं काढून घेतलं. हे दोन्ही एकाच माणसानं केलं. आपण पहिलं दुसऱ्याला शिकवतो आणि दुसरं करतच नाही.

म्हणून समाधानी राहा, गप्प बसा, असं मी कुणाला सांगत नाहीये. ऑक्टोबरात सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाखांपर्यंतची कामं सांगितली. ते आपल्या हक्काचं आहे. त्यासाठी फॉर्म भरा, केवायसी करा, कचेरीत पुन्हा पुन्हा जा, भांडा. मीही जाते. देवाचे उपकार मानणाऱ्यानं हक्क सोडायचा असतो, असं कुठल्याही संताच्या चरित्रात मला दिसलं नाही.

तसंच आरक्षणाचं. तो प्रश्न खोटा आहे असं म्हणणारी मी नाही. अंगणवाडीत माझ्या काट्यावर वजन केलेली लेकरं आज पंचवीस वर्षांची झालीत. दोन्ही बाजूंची पोरं पदव्या घेऊन पारावर बसलीत, दोन्ही बाजूंच्या आयांना मी रडताना पाहिलंय. २०२३ च्या सप्टेंबरात अंतरवाली सराटीत लाठीमार झाला तेव्हापासून एका बाजूच्या मनात जखम आहे. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटचा, म्हणजे निजामकाळच्या नोंदींवरून मराठ्यांना कुणबी दाखले देण्याचा जीआर निघाला तेव्हापासून दुसऱ्या बाजूच्या मनात आपलं ताट जाईल ही धास्ती आहे. जखम खरी, धास्तीही खरी. मोर्चाला जा, उपोषणाला बसा, कोर्टात जा, मत द्या. त्या जीआरनंतर वीस दिवसांनी पूर आला आणि त्या रात्री दोन्ही मोर्चांतली पोरं एकाच चऱ्हाटाला धरून होती. भांडण मिटलं म्हणून धरलं नव्हतं. भांडण होतंच, तरी धरलं. मला सप्ताहाकडून एवढंच हवंय, याहून जास्त काही नाही.

आता वीणेचं.

सप्ताह म्हणजे काय, हे तुम्ही मला शिकवलंत. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथ्यावरचं भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि मग जागर. पण या सगळ्याच्या खाली एक गोष्ट अखंड चालू असते, ती म्हणजे वीणा. सात दिवस आणि सात रात्री ती जमिनीला टेकवायची नाही. दोन-दोन तासांचे पहारे. रात्री दोनच्या पहाऱ्याला मांडवात कुणी नसतं, एक बल्ब असतो, थंडी असते आणि एक माणूस गळ्यात वीणा घालून हळूहळू पावलं टाकत असतो. आणि पहारा बदलताना काय होतं? घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो आणि देणारा घेणाऱ्याच्या. थोरला-धाकटा कुणी पाहत नाही. मी सून म्हणून आले त्या वर्षी, सत्तरीतल्या माणसाला विशीतल्या पोराच्या पायाशी वाकताना पाहून चकित झाले होते. मी माझ्या मालकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, 'मी दोन तास झोपलो, तेव्हा त्यानं माझ्यासाठी नाम चालू ठेवलं. मग पाया नको पडायला?'

माझी कृतज्ञतेची सगळी शिकवण एवढीच आहे. तू झोपलास तेव्हा कुणीतरी जागं होतं.

ज्यांनी माझ्या मालकांना टाळ धरायला शिकवलं ते विणेकरी बाबा आज चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. ते त्या दुकानदार भाऊंचे वडील. गावातल्या निम्म्या टाळकऱ्यांना हरिपाठ त्यांनी पाठ करून घेतलाय, मारून मुटकून, प्रेमानं. बैठकीत ठरलेल्याप्रमाणं यंदा ते त्यांच्या मांडवात असतील आणि त्यांनी शिकवलेले पंधरा-वीस जण आमच्या मांडवात. मी परवा त्यांना भेटायला गेले होते. ते काही बोलले नाहीत. फक्त विचारलं, 'पहाटे चारचा पहारा कोण करणार तिकडं? ती वेळ पोरांना जमत नाही.' त्यांना दुसऱ्या मांडवातल्या वीणेचीही काळजी लागली होती.

भजनी मंडळातल्या भावांनो, तुम्ही सांगा. एका गावात दोन वीणा वाजू शकतील. पण ज्याच्या पाया पडायची इच्छा नाही त्याला टाळण्यासाठी जी वीणा आणली, तिच्यापुढं म्हटलेलं नाम कुणाला पोचणार आहे?

पारायणाचा शेवटचा दिवस आठवा. अठराव्या अध्यायाचा शेवट आला की व्यासपीठावरचा आवाज थोडा चढतो, कारण पसायदान जवळ आलेलं असतं. आपलं सगळ्यांचं लक्ष पसायदानाकडं. त्याच्या अगदी आधीची एक ओवी मात्र घाईत निघून जाते.

किंबहुना तुमचें केलें । धर्मकीर्तन हें सिद्धी नेलें ।
येथ माझें जी उरलें । पाईकपण ॥

एवढा ग्रंथ नेवाशाला पुरा झाला, शके १२१२ मध्ये. सांगणारा विशीही न गाठलेला. संन्याशाची पोरं म्हणून ज्या भावंडांना समाजानं दारात उभं केलं नव्हतं, ज्यांच्या आईबापांना देहान्त प्रायश्चित्त घ्यायला लावलं होतं, त्यांतला हा एक. त्यानं मागं वळून हिशेब मागितला असता तर कुणी त्याला दोष दिला असता का? तो समोर बसलेल्या श्रोत्यांना, संतांना म्हणतो की हे सगळं तुम्हीच केलंत, माझं म्हणून उरलं ते फक्त सेवकपण. आणि मग मागतो ते काय, तर दुष्टांचं वाकडेपण जावं आणि भूतांचं परस्परांशी जिवाचं मैत्र व्हावं. आधी 'तुमचें केलें' म्हटलं, म्हणून त्याला पुढचं मागता आलं. आपण दोन मांडवांत, पाठीला पाठ लावून, लाउडस्पीकरचे कर्णे एकमेकांकडं तोंड करून 'मैत्र जीवाचें' म्हणणार आहोत. मी त्या वेळी कुठं उभी राहू ते मला सांगा.

आता एक कडू गोष्ट. आपला सप्ताह पूर्वी फार सोन्याचा होता आणि आत्ताच बिघडला, असं मी म्हणणार नाही. माझ्या आजेसासूबाई सांगायच्या की काल्याच्या दिवशी खालच्या वस्तीची पंगत वेगळी बसायची, सगळ्यांचं झाल्यावर, मांडवाच्या बाहेर. आणि ते लोक काय कमी भक्त होते? चोखोबा आपल्या जवळच्या मंगळवेढ्याचे. गावकुसाचं बांधकाम कोसळलं, त्याखाली सापडून ते गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुराला नेल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. पण ती दाराच्या बाहेरच. दार उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं, साने गुरुजींना पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. आपल्या गावातली पंगत एक व्हायला त्यानंतरही किती वर्षं गेली, ते पारावरच्या म्हाताऱ्यांना विचारा. ती एक झाली तेव्हा काहीजण रुसून तीन वर्षं जेवायला आले नव्हते. पण झाली.

जी पंगत एक करायला इतकी वर्षं लागली, ती आपण एका बैठकीत, दीड तासात, चहा पिता पिता दोन केली. आणि या दोन पंगतींत खालच्या वस्तीनं कुठं बसायचं हे कुणी ठरवलंय का? मुसलमान वस्तीतल्या ज्या मामांचा टँकर दरवर्षी काल्याला फुकट पाणी देतो, त्यांनी तो कुठल्या मांडवापुढं उभा करायचा? तुमच्या दोन्ही याद्यांत ही माणसं नाहीत. तुम्हाला फक्त एकमेकांचा राग आठवला.

आपण राहतो ती वाट तरी बघा. पैठणहून निघालेली नाथांची पालखी परंड्यावरून कुर्डू, अरण करत पंढरीला जाते. आपण पाणी घेऊन रस्त्यावर उभे राहतो. नाथांनी श्राद्धाचं अन्न आधी दारात आलेल्या भुकेल्या अस्पृश्य कुटुंबांना वाढलं, ही गोष्ट आपण लहान पोरांना सांगतो. अरण सावता महाराजांचं, ज्यांना कांदा-मुळ्यात विठाई दिसली. सावतोबा पंढरीला गेले नाहीत, देवच त्यांच्या मळ्यात आला, आणि आजही पंढरपुरातून देवाची पालखी अरणला त्यांच्या भेटीला येते. सावता माळी, नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, नरहरी सोनार, चोखोबा, देहूचे तुकोबा. यांतले कुठले अभंग कुठल्या मांडवात म्हणायचे, याची वाटणी झाली का बैठकीत? उद्या तीही होईल, मला भीती वाटते. काकड्याला 'त्यांचे' अभंग नकोत असं कुणीतरी म्हणेल आणि आपण मान डोलावू.

कीर्तनकारांबद्दल दोनच वाक्यं. ती नारदाची गादी आहे. जो तिच्यावर उभा राहून शेजाऱ्याबद्दल विष कालवतो त्याला कितीही गर्दी होत असली तरी बोलावू नका, आणि हे दोन्ही याद्या करणाऱ्यांना सांगते.

मला काय हवंय ते आता सांगते. माझी मागणी साधी आहे आणि करता येण्यासारखी आहे.

मांडव एक घाला. जागा कुठली यावर अडलं असेल तर शाळेच्या मैदानावर घाला. पुराच्या रात्री सव्वाशे माणसं त्याच शाळेत जगली, त्या जागेचं आपल्यावर देणं आहे. वीणा जुनीच घ्या, बाबांच्या गळ्यातली. नव्या वीणेचे जमलेले पैसे ज्यांची जनावरं गेली त्यांच्या चाऱ्याला द्या. पहाऱ्यांची यादी करताना एक काम मुद्दाम करा. ज्या दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद आहे त्यांचे पहारे एकापाठोपाठ लावा. मला माहीत आहे की हे ऐकून काहीजण चिडतील. पण वीणा देता-घेताना बोलायची गरजच नसते, फक्त वाकायचं असतं. तेवढं वाकणं झालं तरी मी देवापुढं साखर ठेवीन.

आणि भाकरीचं. दरवर्षी सात दिवस घरोघरून भाकरी येतात, सगळ्या एका मोठ्या टोपल्यात पडतात, आमटी तिकडं कढईत शिजत असते. ताटात आलेली भाकरी कुणाच्या घरची हे कुणाला सांगता येत नाही. कुणाची जाड, कुणाची करपलेली, कुणाची पापुद्रा सुटलेली. मला वाटतं खरा काला तिथंच होतो, शेवटच्या दिवशीची दहीहंडी नंतरची. गोकुळात कृष्णानं सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र केल्या, त्यातही कुणी आपली शिदोरी वेगळी मागितली नव्हती. टोपली एकच ठेवा. दोन टोपल्या झाल्या की बाया भाकरी टाकताना विचार करतील, कुठल्या टोपलीत टाकू. हा विचार एकदा शिरला की निघत नाही. माझ्या मनात तो एक वर्ष होता, पिशवी घेऊन मी एसटीनं जात होते तेव्हा.

बायांशी मी बोललेय. दोन्हीकडच्या. नावं सांगणार नाही, पण बावीस घरं आहेत. दोन टोपल्या ठेवल्यात तर त्या भाकरी करतील, पण त्या सगळ्या घेऊन आम्ही बाबांच्या दारात जाऊ आणि तिथंच हरिपाठ म्हणू. ही धमकी नाही. आम्हाला दुसरी एक जागा सुचत नाही, म्हणून सांगतोय.

ज्या पोरानं सासूबाईंना पाठीवरून आणलं त्याला मी अजून नीट भेटलेले नाही. रस्त्यात दिसला की तो 'ताई, आजी बऱ्या आहेत ना?' विचारतो आणि मी 'हो' म्हणून पुढं जाते, लाजेनं. सासूबाई मात्र रोज संध्याकाळी दिवा लावला की म्हणतात, 'त्या लेकराला सुखी ठेव.' त्याचं नाव त्यांना माहीत आहे, समाजही माहीत आहे, दोन्ही त्या विसरून जातात. त्यांना तो आवाज तेवढा आठवतो, 'आजी, विठ्ठल म्हणा.' त्यांची इच्छा आहे की बीजेला दुपारी बाराला तुकोबांच्या वैकुंठगमनाची फुलं उधळतो, त्यानंतर काल्याचा पहिला घास त्या पोराला त्यांच्या हातानं भरवायचा. त्यासाठी ते दोघं एका मांडवात असायला हवेत.

मंगळवारी पुन्हा बैठक आहे असं ऐकते. मी येणार आहे, सासूबाईंना घेऊन. त्यांना पारावर चढायला होत नाही, खाली एक खुर्ची ठेवा. येताना त्या दुकानावरून येईन. तेल संपलंय, आणि भाऊंना सांगायचंय की त्या कोऱ्या पानावर माझं नाव लिहा.

आपली,
सिनाकाठची अंगणवाडीताई